बोटबाबांचे मतज्ञान

सकाळी नऊ वाजताच मतदान केंद्रापेक्षा समोरच्या फुटपाथवर जास्त गर्दी होती. केंद्राच्या हद्दीची पांढरी रेषा जिथे संपते, तिच्या बरोबर दोन पावलं पलीकडे, म्हणजे कायद्याला बोट लावता येणार नाही अशा बेताने, बोटबाबा सतरंजी टाकून बसले होते. मत देऊन बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचं शाईचं बोट धरायचं, डोळे मिटायचे, तीन फुंकरा मारायच्या आणि गरजायचं, "शाई बोलते! बोट खोटं बोलत नाही! शिडी!"

शिडी ही निवडणुकीला उभ्या असलेल्या ठेकेदारांची निशाणी. "अगदी बरोबर!" कुणीतरी थक्क होऊन ओरडे, आणि बाबांच्या शेजारी वही घेऊन उभी असलेली ठेकेदारांची दोन माणसं समाधानाने मान डोलवत.

आत गणिताचे मास्तर घामाघूम होऊन बसले होते, कारण पंखा बंद होता. नर्सबाईंच्या बाजूने मतदारयादीवर खुणा करायचं काम त्यांच्याकडे होतं. गल्लीतला बाळंतपणाचा दवाखाना पाडून ठेकेदारांना दुकानं काढायची होती, म्हणून नर्सबाई कंदील निशाणी घेऊन उभ्या राहिल्या होत्या. यादीची बाकीची पानं खुणांनी भरत चालली होती. दवाखान्याच्या गल्लीचं पान मात्र कोरं करकरीत.

त्याचं कारण जेवणाच्या डब्याबरोबर आलं. दाराशी डबा देत मास्तरांची बायको हळूच म्हणाली, "गल्लीतली एकही बाई बाहेर पडायला तयार नाही. मीसुद्धा मत देणार नाहीये. माझा भाऊ ठेकेदारांकडे कामाला आहे. बाबांनी चारचौघांत भलतंच सांगितलं, तर त्याला नोकरी तुम्ही देणार?"

"त्यांना काय कळतंय डोंबल! आत्तापर्यंत कुणाला कंदील सांगितलाय का त्यांनी?"

"नाही. सगळ्यांना शिडीच. म्हणजे सगळ्यांनी शिडीलाच दिलंय. उघडी पडायचे ती मी एकटी!"

"सगळ्या वर्गाचं उत्तर सारखंच आलं, की मी कॉपी धरतो," मास्तर पुटपुटले.

इतक्यात पंखा गरगरला आणि तो दुरुस्त करायला आलेला वायरमन स्टुलावरून उतरून काळं झालेलं बोट पुसायला खिशातला रॉकेलचा बोळा काढू लागला.

"थांब, पुसू नकोस!" मास्तर म्हणाले. "तुझं मत कुठल्या प्रभागात?"

"पुलापलीकडच्या. आमचं मतदान पुढच्या आठवड्यात."

"मग पिशवी इथेच ठेव, मतदारांच्या दाराने बाहेर पड आणि बाबांपुढे बोट कर."

"काय देतील?"

"शिडी."

"घरी दोन आहेत," वायरमन म्हणाला, पण गेला. शेजारच्या प्रतिनिधीला सांगून मास्तरही मागोमाग निघाले.

बाबांनी ते काळंकुट्ट बोट धरलं. फुंकर, फुंकर, फुंकर. "काय ही शाई! केवढी निष्ठा! शिडी!"

"वा!" गर्दी म्हणाली.

"बाबा, मी पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. मत दिलंच नाही."

"बोट खोटं बोलत नाही!"

वायरमनने खिशातून तो रॉकेलचा बोळा काढला आणि बोट खसाखसा पुसलं. बोट स्वच्छ. "हे ग्रीस आहे, बाबा. वीस वर्षं त्याच्या संगतीत आहे, अजून एक शब्द बोललं नाही."

हशा पिकला. बाबा सावरून म्हणाले, "मूर्खा, मी तुझं पुढच्या आठवड्याचं मत वाचलं!"

"आमच्याकडे शिडी उभीच नाही!"

आता तर लोक पोट धरून हसू लागले. त्या गोंधळात एक म्हातारे शिंपीकाका पुढे आले. "अहो, मलाही सकाळी शिडीच सांगितली यांनी. आणि मी तर…" वहीवाल्यांकडे नजर गेली आणि काकांनी जीभ चावली.

"पुढे बोलू नका काका, सगळी मेख इथेच आहे!" मास्तर ओरडले. "शिडीवर शिक्का मारणारा 'बरोबर' म्हणून ओरडतो. दुसरीकडे मारणारा काय ओरडणार? बाबा चुकले म्हणायचं, तर स्वतःचं मत या वहीवाल्यांना सांगावं लागतं. म्हणून तो गप्प बसतो. बाबांचं बरोबर आलेलं तेवढं ऐकू येतं, चुकलेलं कुणालाच ऐकू येत नाही! अरे, पडद्याआड तुम्ही एकटे असता. कागदावर तुमचं नाव नसतं. मोजणीच्या वेळी सगळ्या पेट्यांतले कागद आधी एकत्र कालवतात. कुठला कागद कुणाचा हे मोजणाऱ्यालाही कळत नाही, मग सतरंजीवर बसून कसं कळेल? कुणी अंतर्ज्ञान सांगितलं, तर घाबरण्याआधी एकदा विचारा, कशावरून?"

वहीवाले वही मिटून कधी निघून गेले ते कळलंच नाही. बाबांनाही अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं. दुपारी दवाखान्याच्या गल्लीतून, मास्तरांच्या बायकोसकट, बायकांची अशी रांग लागली, की खुणा करता करता मास्तरांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुसऱ्या दिवशी कागद कालवले गेले, गठ्ठे बांधले गेले, मोजले गेले. नर्सबाई एकतीस मतांनी निवडून आल्या. दवाखाना वाचला. मेहुण्यांची नोकरीही शाबूत राहिली, कारण त्यांना काढायचं तर कशासाठी, हे ठेकेदारांना कुणी सांगू शकेना.

घरी आल्यावर मास्तरांना राहवेना. "आता आपलं आपल्यात सांग. तू शिक्का कशावर मारलास?"

बायको त्यांच्याकडे बघून हसली.

"मोजणाऱ्यालाही कळत नाही म्हणालात ना? मग नवऱ्याला कशाला कळायला हवं?"