पाचशेव्या नावापुढे

“‘म’मध्ये नाही, बाई,” शिक्षण कार्यालयातल्या कारकुनाने चष्मा कपाळावर ढकलला. “ही शाळेत होती, हे नक्की ना?”

“चार वर्षं माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलीय. इतकी बडबडी, की मलाच तिची परवानगी घेऊन बोलावं लागायचं.”

माझी ही विद्यार्थिनी, आता सात वर्षांच्या पोरीची आई, पोरीला घेऊन शेजारी उभी होती. तिला दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली होती. शाळेच्या नोंदीचा उतारा तेवढा आज पाचपर्यंत तिथे पोचवायचा होता, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. आमची शाळा बंद पडली, हजेरीपट रद्दीत गेले. उरलं ते या कॉम्प्युटरात. सव्वाचार वाजले होते.

“मुलांची नावं सापडतात?” मी विचारलं.

“धडाधड. मुलींचाच पत्ता नाही.”

मी पडद्याकडे वाकले. “‘क’ दाबा बरं.”

मुलींची लांबलचक रांग उमटली. प्रत्येकीच्या नावाआधी ‘कु.’. हजेरीपटात ते मीच लिहायचे, तीस वर्षं, वळणदार अक्षरात. मुलांना काही लावत नसू. टाइप करणाऱ्याने जसंच्या तसं उतरवलं होतं.

“आजी, काय झालं?” पोरीने माझा हात ओढला.

लहानांनी काही विचारलं की समजावल्याशिवाय मला राहवत नाही. “समज, वर्गात मी म्हटलं, ‘म’ची मुलं उभी राहा. हा कॉम्प्युटर शोधताना प्रत्येकाचं पहिलं अक्षर तेवढं बघतो, पुढचं वाचतच नाही. मुलींच्या नावाआधी मी ‘कु.’ लावून ठेवलं. मग ‘म’ म्हटलं की एकही मुलगी उठत नाही. ‘क’ म्हटलं की झाडून सगळ्या उठतात.”

“मग त्यांच्यात आईला शोधा!”

कारकून यादी सरकवत गेला. पाचशे नावं झाली आणि ‘कु. ग’पाशी यादी थांबली.

“एवढीच दाखवतं हे. बाकीच्या आत आहेत, पण मला दिसत नाहीत. दुरुस्ती करणारा सोमवारी येईल.”

“मी लिहून देते. सही करते.”

“तुमच्यावर विश्वास आहे हो, बाई. पण शिक्का कुठला मारू? बंद शाळेचा?” त्याचा आवाज उतरला. “मला एकच कागद काढता येतो. नोंद आढळली नाही, असा.”

विद्यार्थिनीने दवाखान्यात फोन लावला. “सोमवारी नक्की आणते,” असं दोनदा म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली आणि “बरं” म्हणून फोन ठेवला.

“काय म्हणाले गं?”

“पुढच्या बाईला बोलावतायत.” तिने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. “बाई, तुम्ही बसा ना. किती वेळ उभ्या आहात.”

पोरगी काउंटरला हनुवटी टेकवून पडद्याकडे बघत होती. “आजी, तुम्ही त्याला शिकवा ना, दुसरं अक्षर वाचायला.”

कारकुनाने खुर्ची पुढे केली. मी बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.