लखूनं कावळ्याला कबूल केलेला मदरबोर्ड

दहाव्याला कावळा शिवेना. रामनगरच्या नदीकाठी आम्ही वीसेक माणसं पिंडापासून लांब उभी राहून अर्धा तास झाडाकडं बघत होतो. माझी बायको सुमन काविळीनं गेली होती. कावळा शिवत नाही म्हणजे तिची काहीतरी इच्छा राहिली, असं सगळे म्हणू लागले. मुलीच्या लग्नाचं कबूल करून झालं, घराच्या स्लॅबचं झालं. मग तिचा भाऊ लखू पुढं झाला आणि हात जोडून ओरडला, "आक्का, गेमच्या कम्प्युटरला भारीतलाच मदरबोर्ड घालतो!"

आणि कावळा उतरला.

बायका रडल्या. मला लखूच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बसस्टँडजवळ सुमनची एक खोली होती. टीव्हीला जोडायचे दोन व्हिडिओ गेम ठेवून ती चार वर्षं खोली चालवत होती. अणशी, कुंभारवाड्याकडची पोरं बसची वाट बघता बघता तिथं खेळायची. नव्याण्णव साली तिनं कम्प्युटर घ्यायचं काढलं, तेव्हा हाच लखू पोट धरून हसला होता. "आक्काला मिक्सरचं झाकण बसवता येत न्हाई, आणि कम्प्युटर चालवतीया!" आता ती गेल्यावर तिची इच्छा त्याला कळायला लागली.

तिनं साठवलेल्या पैशात दोनपैकी एकच बसत होतं. हलक्या मदरबोर्डचे दोन कम्प्युटर, नाहीतर भारी मदरबोर्ड आणि त्यावर बसणारं गेमचं वेगळं कार्ड घालून एक. सुमन हलके दोन म्हणायची. का, ते मला माहीत नव्हतं. पण दोन म्हणायची, हे नक्की.

महिन्यानं मी कम्प्युटर घ्यायला बेळगावला निघालो, तर लखू बसमध्ये शेजारी येऊन बसला.

"दाजी, सगळ्या गावासमोर शब्द दिलाय."

"तू दिलायस. तुझ्या पैशानं घाल."

"असं कसं? कावळ्यानं ऐकलं न्हाई व्हय?"

"मग त्यालाच विचारून ये, कुठल्या कंपनीचा घालू."

मागच्या सीटवरची म्हातारी फिसकन हसली.

बेळगावच्या दुकानदारानं दोन्ही कम्प्युटर चालवून दाखवले. खेळ एकच, मोटारींच्या शर्यतीचा. भारी बोर्डावर मोटार सरळ पळत होती. हलक्यावर ती प्रत्येक वळणाला थांबायची आणि उचकी लागल्यासारखी पुढं जायची.

"बघा दाजी, डोळ्यांनी बघा! पोरं थुंकतील ह्याच्यावर."

फरक मलाही दिसत होता. त्यामुळं राग जास्तच आला.

"तुम्ही रामनगरचे म्हणालात," दुकानदार म्हणाला. "मे महिन्यात तिकडच्या एक बाई आल्या होत्या. सुमनबाई. तीन तास बसल्या. मी त्यांनाही हेच सांगितलं, भारी घ्या."

"मग?"

"त्या म्हणाल्या, एकटा मोटार पळवणार आणि दहाजण बघत बसणार, त्यात काय मजा? दोन कम्प्युटर वायरनं जोडून द्या, पोरं एकमेकांशी खेळतील. मी म्हटलं, बाई, दोन्ही अडखळतील. तर म्हणाल्या, अडखळू देत की. दोन्ही सारखेच अडखळले तर भांडण कशाला?"

लखूला हसू आलं. मला नाही आलं.

एवढं सगळं तिनं या परक्या माणसाला सांगितलं होतं. मला का नाही, हे विचारायची गरज नव्हती. ती खोलीचं बोलायला लागली की मी रेडिओ मोठा करायचो. महिनाभर मी लखूला शिव्या देत होतो. तो तेव्हा पोट धरून हसला होता, म्हणजे त्यानं निदान तिचं ऐकलं तरी होतं.

"हलके दोन," मी म्हणालो. आवाज इतका चढला की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. "आणि जोडायची वायर."

"दाजी, आक्काच्या आत्म्याला..."

"तिच्या आत्म्याचं तू सांगू नकोस. तिला तोंड होतं तेव्हा तिनं सांगितलंय."

दुकानदारानं लिहून घेतलं. आठ दिवसांनी न्यायला या, म्हणाला. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो.

"अजून काय काय म्हणाली ती? पहिल्यापासून सांगा."

"दाजी, तीनची बस हाय," लखू म्हणाला.

"तुला जायचं तर जा."