वज्रावरची जनावरं

मध्यंतराचे दिवे लागले तरी विनीत खुर्चीतून उठला नाही. मला म्हणाला, "राजू, हे लोक आपल्याला फसवतायत." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. माझेही आले असते, पण मला राग जास्त आला होता.

आम्ही दोघे सुट्टी टाकून मोटरसायकलने महाडहून पनवेलला आलो होतो, तेही मे महिन्याच्या उन्हात. औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यात आम्ही कामाला. तो प्रयोगशाळेत, शिकलेला. मी बॉयलरवर, दहावी पास. एरवी आमचं जमायचं काही कारण नव्हतं, पण 'वज्रा' या हिंदी पिच्चरने जमवलं. वज्रा म्हणजे एक ग्रह. पहिल्या भागात माणसं त्या उजाड ग्रहावर उतरतात, दगड फोडून शेतं करतात. दुसऱ्या भागात तो बळकावायला आलेल्यांशी लढतात. आणि चार वर्षं वाट बघायला लावून तिसऱ्या भागात काय, तर ग्रहाची जमीन फाटायला लागते आणि कप्तान बाई म्हणते, चला, यान भरा, निघायचं. अहो, मग दुसऱ्या भागात इतकी माणसं मेली ती काय हौस म्हणून?

घरी येईपर्यंत आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर अकराशे मेसेज पडले होते. कोणी म्हणत होतं तिकिटाचे पैसे परत द्या, कोणी म्हणत होतं लेखकाला आमच्या बॉयलरपुढे आठ तास उभा करा. हे दुसरं मीच लिहिलं होतं. शिवाय एक ठेवणीतलं वाक्य टाकलं, 'ज्यांना आपली माती सोडवते ते वज्राचे नव्हेतच.' त्यावर दोनशे बारा जणांनी बदाम पाठवले. मी खूश होऊन ते बायकोला वाचून दाखवलं.

सुप्रियाने भाकरी उलटली आणि म्हणाली, "हे आईंना दाखवा हो. वर्षभर तुम्ही त्यांना माती सोडा म्हणून सांगताय, त्यांना आयतंच उत्तर मिळेल."

मी मोबाइल खिशात टाकला.

आमचा धनगरवाडा शिवथरच्या वरच्या अंगाला, तासाभराच्या चढणीवर. अकरा घरं. गेल्या पावसाळ्यात घरांच्या मागे डोंगराला भेग गेली, माणसाचा पाय आत जाईल एवढी. साहेब लोक येऊन बघून गेले, खाली रस्त्यालगत सगळ्यांना दोन-दोन खोल्या बांधून मिळाल्या आणि यंदाच्या पावसाच्या आत उतरा असं बजावून झालं. दहा घरं तयार होती. अकरावं आमचं, तिथे आई एकटीच राहते; आम्ही खाली महाडला. माझी आई, चंद्राबाई, वाड्यात सगळ्यांत मोठी, आणि वाड्याचं म्हणणं एकच की चंद्राबाई उतरली की आम्ही उतरू. आणि ती म्हणे, नाय येनार. कारण विचारलं तरी तेच. वाड्यातल्या रायबाकाकांनी समजावलं, मी हातापाया पडलो, आमची पोरगी सेजल फोनवर आजीसाठी रडली. ढिम्म. एप्रिल सरला तशी माझी झोप उडाली. एवढ्या तेवढ्या आवाजाने मी दचकून उठायचो.

आता आईलाही वज्राचा नाद, आणि तो लावला मीच. पहिले दोन्ही भाग मी तिला मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून दाखवले होते. तिला हिंदी येत नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं मी आमच्या बोलीत म्हणून दाखवायचो, कप्तान बाईचंसुद्धा. पण आईला लढाईचं काही नाही. तिचं लक्ष त्या सहा पायांच्या ओझ्याच्या जनावरांकडे. ती काय खातात, दूध किती देतात, पाणी कुठे पितात. दुसऱ्या भागात त्यातलं एक गोळा लागून पडलं, तर त्या दिवशी आई जेवली नाही.

सुप्रियाचा टोमणा डोक्यात फिरत होताच. मला वाटलं, हाच पिच्चर कामाला लावू. रविवारी वर गेलो. आई अंगणात दावं वळत बसली होती. रायबाकाका होते, शेजारच्या चार बायका जमल्या, आणि मी तिसरा भाग सांगायला बसलो. ज्या पिच्चरला मी ग्रुपवर शिव्या घातल्या त्याची अशी तारीफ केली की विनीतने ऐकलं असतं तर मला डोंगरावरून ढकललं असतं. जमीन कशी फाटली ते सांगितलं. कप्तान बाई उंचावर उभी राहून म्हणते, माती आपली खरी, पण जीव राहिला तर माती. असलं ती काही म्हणत नाही, ते मी घातलं. पोरंबाळं, म्हातारीकोतारी यानात बसली, यान उठलं, सगळ्यांनी खिडकीतून वज्राला हात जोडले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला वाटलं, जमलं.

आईचा हात थांबला. "आनि जनावरं?"

शेवटच्या अर्ध्या तासात जनावरं दाखवलेलीच नाहीत. अकराशे मेसेजमध्ये एकानेही ते विचारलं नव्हतं, आणि मीसुद्धा नाही. थाप मारायला हवी होती, पण तोंडून खरंच निघालं. "ती राह्यली गो. यानात जागा नवती."

"दावी तरी सोडली का तेंची?"

"ता नाय दाखवला."

"मंग कसली ती कप्तान," आई म्हणाली. परत दावं वळायला लागली आणि मान वर न करता म्हणाली, "तू बी वरीसभर मला ताच सांगतोस. म्हसरं इक नि खाली ये."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. खरंच की. खालच्या घरांना दोन खोल्या, मोरी, पुढे हातभर ओटा. गोठा नाही. आणि मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं की पोलादपूरच्या व्यापाऱ्याशी बोललोय, चारी म्हशींना चांगलं गिऱ्हाईक आहे. आमच्याकडे जनावराला पाणी दाखवल्याशिवाय माणूस ताटावर बसत नाही. ह्या घरात मी वाढलो, आणि चौदा वर्षं बॉयलर सांभाळून एवढं विसरलो. ती हटून बसली म्हणून वर्षभर तिलाच बोल लावला. लाज वाटली मला, उघड सांगतो.

"आये, गोठा झाला तर येशील?"

तिने पीळ घट्ट ओढून बघितला. "आदी बगन."

मग मात्र धावपळ झाली. रायबाकाकांनी खालच्या मालोजीरावांना गाठलं. खोऱ्यातले मोठे शेतकरी, घरांच्या मागेच त्यांची पडीक वरकस जमीन आहे. पूर्वी धनगरांची गुरं खतासाठी शेतात बसवायला हेच लोक बोलवायचे, तेव्हा बोली जुनीच निघाली. जागा त्यांची, शेणखत त्यांच्या शेताला. अकरा घरांचे पुरुष लागले. विनीत तीन रविवार आला. खांबाचे खड्डे खणता खणता तिसऱ्या भागाला शिव्या देत होता, आणि त्यामुळे खड्डे चांगले खोल झाले. चोवीस जनावरांचा लांब गोठा उभा राहिला.

आई बघायला उतरली. प्रत्येक खांब हलवून पाहिला. मुताचा पाट चुकीच्या उताराला काढलाय म्हणून तो आम्हाला बुजवायला लावला, दुसरा काढायला लावला. पाणी किती लांब ते पावलं टाकून मोजलं. घराच्या खोल्यांत तर ती डोकावलीही नाही. तशीच वर निघून गेली, आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायबाकाकांचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून डोंगराच्या सोंडेवर उभे होते, वाऱ्याने आवाज तुटत होता. "राजू, ये लवकर. तुझ्या आयनं दावी सोडली."

मी रजेचा अर्जसुद्धा न देता पळालो. अर्ध्या चढणीवर समोरून सगळा वाडा उतरत होता. पुढे म्हशी, मागे बोचकी घेतलेल्या बायका, त्यांच्या मागे पुरुष. मी बाजूला उभा राहिलो. आई बायकांच्या घोळक्यात होती आणि त्यांना वज्राचा तिसरा भाग सांगत होती.

"मंग कप्तान बोल्ली, आदी जनावरं चढवा. येक येक करून मोजली. जागा पुरंना, मंग मानसा हुबी राह्यली रस्ताभर. पन गेली समदी."

त्यातल्या एकीला मी दिसलो. तिने डोक्यावरचं बोचकं सावरत विचारलं, "राजू, तसाच हाय का रे पिच्चर?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती पुढच्या वळणावर थबकलेल्या म्हशीकडे बघत होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "तसाच हाय."