कडेला उरलेला हात

मित्रांनो, टेलरकाकांच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर एक पसरट, बोजड वस्तू पडलेली असते. तिची मूठ झिजलेली आहे आणि पात्यावर गंजाचे डाग आहेत. ती बघून येणारेजाणारे नाक मुरडतात. ती वस्तू म्हणजे मी. मी एक जुना कटर आहे. हल्ली मी मापाचे पुठ्ठे कापतो, पण माझी उमेदीची वर्षं एका वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटो कापण्यात गेली. तुम्ही आता काचेवर बोट फिरवून फोटो हवा तेवढा करता. त्या काळी ते काम माझ्याकडे होतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. सुताराने फळी घासून गुळगुळीत केली, तिच्यावर बारीक चौकटी आखल्या, आणि एका कारागिराने पात्याला धार लावली. धार लागल्यावर त्याने कागदाचा एक कपटा कापून पाहिला आणि नुसती मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे शाबासक्या फारशा मिळाल्या नाहीत, पण कटरचं त्यावाचून काही अडत नाही.

वर्तमानपत्राच्या कचेरीत मला तात्यांच्या हवाली केलं. तात्या बोलायला फटकळ आणि हाताला हलके. काम असं चाले. फोटोचा कागद धुऊन, वाळवून टेबलावर येई. संपादकबाई त्याच्यावर लाल पेन्सिलने रेघ ओढत. तात्या ती रेघ माझ्या कडेशी जुळवत आणि मूठ खाली दाबत. रेघेच्या अलीकडचं छापायला जाई, पलीकडचं टोपलीत पडे. मंत्र्याला खेटून उभा राहिलेला त्याचा मेव्हणा मी किती वेळा टोपलीत घातला, त्याची गणतीच नाही. रेघ कुठे ओढायची हे मला कुणी कधी विचारलं नाही.

माझं टेबल जरा लंगडं होतं. मूठ दाबली की मी डुगडुगायचो. म्हणून कापलेल्या फोटोची एखादी जाड पट्टी हाती लागली की तात्या ती दुमडून माझ्या पायाखाली सरकवत. त्यामुळे मी नेहमी कुणाच्या ना कुणाच्या अंगावर उभा असे.

आता संपादकबाईंविषयी सांगतो. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. बाई हुशार, कष्टाळू आणि मनाने चांगल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुमचा गैरसमज होईल. तरुणपणी पोलिसांविरुद्ध लिहिलं म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं होतं. तिथे त्यांनी जे पाहिलं ते त्या विसरल्या नव्हत्या. पोलिसाचा गणवेश दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. एकदा पोळलेल्या माणसाचं असंच होतं, त्यात नवल काही नाही.

एका सकाळी गर्दीच्या वेळी बसथांब्यावर स्फोट झाला. कुणीतरी पिशवीतून बॉम्ब आणून बाकाखाली ठेवला होता. त्या दिवशी जे फोटो माझ्या फळीवर आले, त्यांचं वर्णन मी करणार नाही. दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचे चेहरे पहिल्या पानावर आले, टपालाच्या तिकिटाएवढे. ते मीच कापले होते. त्यानंतर ते आतल्या पानावर गेले, आणि मग कुठेच नव्हते. तात्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "बातमी पुढे सरकते, तात्या. काय करणार?"

बातमी खरंच पुढे सरकली. स्फोट आम्हीच केला अशी फुशारकी एका टोळीने मारली, आणि त्या टोळीतला एक तरुण पकडला गेला. बॉम्ब ठेवल्याची जागा त्याच्याकडून दाखवून घ्यायला पोलिस त्याला बसथांब्यावर घेऊन आले. मेलेल्यांचे नातेवाईक तिथे जमले होते. आमच्या फोटोग्राफरने तो क्षण टिपला आणि फोटो कचेरीत टाकून तो दुसऱ्या कामावर पळाला.

फोटोत डाव्या बाजूला आरोपी होता. एका पोलिसाने त्याची मान मागून घट्ट दाबली होती. आरोपीचा सदरा फाटला होता आणि तोंड वेडंवाकडं झालं होतं. उजव्या बाजूला एक मध्यमवयीन माणूस उभा होता. त्याने एका हाताने मुलीचा फ्रेम केलेला फोटो छातीशी धरला होता आणि दुसरा हात, तळवा वर करून, आरोपीकडे पुढे केला होता. तुम्ही-आम्ही कुणाला जाब विचारताना करतो, अगदी तसा.

बाईंनी रेघ ओढली ती नेमकी त्या पुढे केलेल्या हाताच्या मनगटावरून.

"बाई, हा माणूस फोटोतून उडतोय," तात्या म्हणाले.

"उडू दे. त्याने फोटो सैल पडतो. लोकांची नजर सरळ त्या मानेवर गेली पाहिजे."

"त्याच्या छातीशी मुलीचा फोटो आहे हो. गेलेल्यांपैकी असणार."

"गेलेल्यांचं आपण छापलं. आता जिवंत माणसाचं बघू. त्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, तात्या. मान अशी धरायचा अधिकार कुणालाच नाही."

बोलणं चुकीचं नव्हतं.  तात्यांनी मूठ दाबली आणि मी कापलं. मुलीच्या फोटोसकट तो माणूस एका बाजूला पडला. दुसऱ्या बाजूला आरोपी, पोलिस, आणि कडेला एक उघडा तळवा राहिला.

खालची ओळ लिहायला फोटो उपसंपादकाकडे गेला. तो घाईत होता. बसथांब्यावर तो गेला नव्हता, फोटोग्राफर जागेवर नव्हता, आणि पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. त्याने तो तळवा पाहिला, स्वतःच्या मनाने अर्थ लावला आणि लिहिलं, 'मुलासाठी हात पसरणारा असहाय बाप.' एवढ्याशा कामाला त्याला चहा प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

मित्रांनो, तो फोटो लोकांनी डोक्यावर घेतला. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी तो छापला. त्याच्यावर अग्रलेख आले, सभा झाल्या, मोर्चे निघाले. तो हात फलकांवर चढला, छातीवरच्या बिल्ल्यांवर चढला. त्या हाताच्या मधल्या बोटात काहीतरी चमकत होतं. ती गरीब बापाची एकुलती एक अंगठी आहे, असं एका पाहुण्या लेखकाने पानभर लिहिलं. मोठमोठे लोक मानवी हक्कांविषयी तळमळीने बोलले. त्या मोर्चांतल्या कुणालाही थांबवून स्फोटात गेलेल्यांपैकी एकाचं नाव विचारलं असतं, तर त्याला ते सांगता आलं नसतं. मी लोखंडाचा आहे, मला चटकन राग येत नाही. पण ही गोष्ट मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते.

मग एके दुपारी टेलरकाका कचेरीत आले. त्यांच्या काखेत तेच वर्तमानपत्र होतं. ते तात्यांच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी ते उघडून माझ्या फळीवरच पसरलं.

"हा हात माझा आहे," ते म्हणाले.

बाई त्यांच्या केबिनमधून बाहेर आल्या. "काका, बसा ना. काहीतरी गैरसमज होतोय तुमचा."

काका बसले नाहीत. त्यांनी खिशातून शिवणकामाचं टोपण काढलं, ते सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते, आणि मधल्या बोटात चढवून हात फोटोशेजारी ठेवला. "त्याला आणणार म्हणून कळलं, तसा मशीनवरून उठून धावलो. हे काढायचंही भान राहिलं नाही."

तात्यांनी मला एका बाजूने उचललं आणि पायाखालची पट्टी ओढून काढली. दुमड उलगडून ती छापलेल्या फोटोला लावली. पट्टीवरचा हात छापलेल्या मनगटाला जुळला. छातीशी धरलेल्या फ्रेममधून केस मागे बांधलेली एक मुलगी आमच्याकडे बघत होती. इतके दिवस मी तिच्यावर उभा होतो.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय म्हणत होतात त्याला?"

"विचारत होतो. का केलंस म्हणून. माझ्या पोरीने तुझं काय वाकडं केलं होतं म्हणून. कॉलेजला तर निघाली होती ती." काकांचा आवाज चढला नाही. "मला त्याला सोडवायचं नव्हतं, बाई, आणि मारायचंही नव्हतं. नुसतं विचारायचं होतं. आता अख्खी गल्ली मला म्हणते, तू त्याच्यासाठी हात पसरलास? बायकोनेही हात ओळखला. ती म्हणते, छापून आलंय ते खोटं कसं असेल? परक्यासारखी वागते माझ्याशी. पूर्ण फोटो छापा. जिथे हा छापला तिथेच छापा. मला दुसरं काही नको."

बाईंनी मान डोलावली. काका गेले. पण संध्याकाळी बाई तात्यांना म्हणाल्या, "पूर्ण फोटो पहिल्या पानावर टाकला तर सगळी चळवळ खोटी पडेल. पोलिसांना मोकळं रान मिळेल. मान तर त्यांनी धरलीच होती ना?"

"धरली होती, आणि ते वाईटच," तात्या म्हणाले. "पण खरं काय ते सोयीनं सांगायचं असतं का? त्याच्या हक्कांसाठी भांडा, माझी ना नाही. तिचेही काही हक्क होते की नाही? सकाळी बसची वाट बघत उभं राहायचा तरी?"

बाईंनी निगेटिव्ह कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीखाली, चार ओळींचा खुलासा आला. 'अनवधानाने' हा शब्द त्यात होता. मुलीचा फोटो नव्हता.

काका पुन्हा आले. या वेळी ते थेट बाईंच्या केबिनच्या दारात उभे राहिले. "बाई, माझ्या हातून गिऱ्हाइकाचा सदरा समोर फाटला, तर मी रफू पाठीवर करून देऊ का?" एवढंच विचारून ते वळले. बाई खाली मान घालून कागद वाचत राहिल्या. वाचत होत्या की नुसत्या बघत होत्या, ते मला सांगता येणार नाही.

जिन्यापाशी तात्यांनी काकांना गाठलं. अख्खा फोटो नव्याने काढून देणं तात्यांच्या हातात नव्हतं, कारण निगेटिव्ह बाईंच्या कपाटात बंद होती. म्हणून त्यांनी कापलेला अर्धा आणि ती पट्टी एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवली होती. तो पुठ्ठा त्यांनी काकांना दिला. घरी काकूंनी मनगटावरच्या जोडावरून कितीतरी वेळ बोट फिरवलं, आणि मग काकांना जवळ बसवून पोटभर रडल्या. हे मला पुष्कळ पुढे समजलं, पण समजलं तेव्हा बरं वाटलं.

खटला रीतसर चालला. आरोपीला वकील मिळाला, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, आणि पिशवी त्यानेच ठेवली होती हे कोर्टात सिद्ध झालं. ही बातमी आमच्याकडे आतल्या पानावर लहानशी आली. त्या दिवशी पहिल्या पानावर जागा नव्हती म्हणे. मोर्चे काढणाऱ्यांपैकी कुणी चौकशीला आलं नाही. अर्ध्या फोटोला मात्र बक्षीस मिळालं, आणि तो कचेरीच्या दर्शनी भिंतीवर मोठा करून लावला गेला.

पुढे संगणक आले आणि मी अडगळीत गेलो. जिन्याखाली फुटक्या खुर्च्यांच्या सोबतीने गंजत पडलो. निवृत्त होताना तात्यांनी मला मागून घेतलं आणि टेलरकाकांच्या दुकानात आणून ठेवलं. काकांनी मला तेल घातलं, धार लावली. इथे रेघ काकू ओढतात, आणि उरलेला पुठ्ठाही फेकत नाहीत. माझ्यासमोरच्या भिंतीवर तो जोडलेला फोटो आहे.

परवा एक मुलगी ड्रेस शिवायला आली. वागणं आदबशीर, बोलणं गोड. तिच्या पिशवीला एक जुना बिल्ला होता आणि त्याच्यावर तोच हात. खांद्याचं माप घेता घेता काकांची नजर तिथे गेली.

"हे काय आहे गं?"

"हे होय? मोठ्या ताईचा आहे. अन्यायाविरुद्ध आहे, काका." ती कौतुकाने म्हणाली. "एका बापाचा हात आहे."

काकांनी टेप गुंडाळली. "हो," ते म्हणाले, "बापाचाच आहे."

आणि त्यांनी बाहीचं माप घ्यायला सुरुवात केली. मुलीला काही कळलं नाही, आणि तिला कळावं असा काकांचा आग्रहही दिसला नाही. कपडा टाकून, पावती घेऊन ती दारापर्यंत गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. ती राखालच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. एखादा फोटो बघून तुमचं रक्त उसळलं, तर उसळू द्या, ते जिवंतपणाचं लक्षण आहे. फक्त ओरडण्याआधी त्या फोटोच्या चारी कडा नीट बघा, आणि पलीकडे कोण उभं होतं ते विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे.

त्या दिवशी मात्र काकूंना राहवलं नाही. त्यांनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं आणि दारातून हाक मारली, "ए पोरी, जरा मागे ये. तुझ्याच वयाची एक आहे आमच्याकडे. तिला भेटून जा."