मरळीची काठी

संतराम सकाळपासून ओसरीवर मासे धरायच्या तीन काठ्या मांडून बसला होता. एकेक उचलायचा, हवेत धरून बघायचा आणि परत ठेवायचा. मंजुळाबाईनं चहा दुसऱ्यांदा गरम करून आणला. बायको पसंत करायला एवढा वेळ लागला नव्हता, असं तिनं ऐकवलंही.

पण प्रश्न साधा नव्हता. लेक प्रियंका सिझेरियन होऊन माहेरी आली होती. मरळ खाल्ली की टाके लवकर भरतात, असं गावात मानतात. बाळापूरच्या बाजारात मरळ मिळते, नाही असं नाही. पण लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आपल्या हातची मरळ तिच्या ताटात पडावी, ही संतरामची फार हौस. मरळ राहते पाणवेलीत. बारीक काठीनं आमिष अलगद पडतं, पण मासा वेलीत घुसला की ती नुसतीच वाकते. जाड काठी त्याला ओढून काढते, फक्त ती पेलवली पाहिजे. आणि अडतीवर पोती वाहून वाहून संतरामचा उजवा खांदा कामातून गेला होता.

"मधली घ्या की," मंजुळाबाई म्हणाली.

"मधली म्हंजी ना धड हिकडं, ना धड तिकडं."

त्यानं जाडच उचलली. आयुष्यभर क्विंटलची पोती पेलणारा माणूस बांबूपुढे हार मानतो की काय!

इसापूर धरणाच्या फुगवट्यावर मंजुळाबाई भाकरी घेऊन मागोमाग आली, पण लांबच बसली. बाईनं काठीला हात लावला की मासा रुसतो, हे ती लग्नापासून ऐकत आली होती. संतरामनं गळाला बेडकाचं पिल्लू लावून फेकलं, ते धपकन पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. ऊन चढल्यावर एकदाचं ते वेलीच्या कडेला नीट पडलं आणि मरळीनं ते गिळलं.

काठी वाकली तशी खांद्यात कळ गेली. पाय चिखलात घसरले, हात सुटायला आले. आता मासा गेला, हे त्याला कळून चुकलं. बोलणं जिवावर आलं, पण बोलला.

"काय बघून राहिलीस? धर की."

"मासा रुसंल ना."

"रुसू दे. धर तू."

तिनं पदर खोचला आणि त्याच्या हाताखाली काठी पकडली. विहिरीचं पाणी शेंदून तयार झालेले हात ते! दोघांनी मिळून ओढलं आणि मरळ वेलीसकट काठावर येऊन आपटली. दोघंही चिखलात बसली आणि मंजुळाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

संध्याकाळी प्रियंकानं पोटभर खाल्लं. एवढी मोठी मरळ एकट्यानं कशी काढली, असं तिनं बापाला कौतुकानं विचारलं. ज्यानं मासा ओढला, डोकं त्याच्या ताटात, हा त्या घरचा शिरस्ता. मंजुळाबाईनं सवयीनं ते नवऱ्याला वाढलं. संतराम उठला, फळीवरून एक ताट काढून शेजारी मांडलं आणि डोकं उचलून त्यात ठेवलं.

मंजुळाबाई चुलीपाशी तशीच उभी राहिली.

"बस," तो म्हणाला. "निवून राहिलं."