मागच्या दारी दिलेलं औषध

"तुजा घाम कुटं गेला गो, नर्सबाय?"

माशांची पाटी उतरवता उतरवता गुणाबाईने विचारलं आणि दवाखान्याच्या मागच्या दारात ताट घेऊन उभी असलेली दमयंती हसली. दोन वर्षं या पायरीवर दोघींचा तोच तर विषय होता. पाळी गेली आणि घाम आला. ऐन थंडीत मानेपासून कपाळापर्यंत जाळ उठायचा, मग दोघीही पदराने वारा घेत बसायच्या. दोघी पन्नाशीच्या. एकीचा नवरा खाडीत होडीवर, दुसरीचा भिंतीवरच्या फोटोत. पनवेलच्या कोळीवाड्यातली गुणाबाई गावात कुणालाच 'तुम्ही' म्हणत नसे, आणि दमयंतीला तर ते 'तू' ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

दमयंतीने सांगून टाकलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. मुंबईहून कंपनीचा माणूस नमुन्याच्या बाटल्या ठेवून गेला होता. पाळी गेली की बाईच्या अंगातलं जे आटतं, तेच म्हणे त्या गोळीत असतं. महिन्याभरात घाम गेला, झोप लागू लागली, आणि उगाच कुणाच्याही अंगावर धावून जाणं थांबलं.

"मंग मनाबी दे की," गुणाबाई म्हणाली.

आत चल, डॉक्टरांना दाखव, असं दमयंती म्हणाली खरी. गुणाबाईने नुसतं पाटीकडे पाहिलं. पाटी घेऊन आत जावं तर पुढच्या बाकावरच्या बायका नाकाला पदर लावणार, बाहेर ठेवावी तर मांजरं टपलेलीच. कोळणीची पाटी मागच्या दाराशी थांबायची आणि पाटीबरोबर कोळीणही, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की दमयंतीलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. तिने आपल्याकडची दुसरी बाटली आणून दिली. गुणाबाईने पथ्य विचारलं. पथ्य काही नाही, रोज एक घे, संपली की सांग, बस. फुकट घ्यायचा गुणाबाईचा स्वभावच नव्हता. जिताड्याची जाडजूड तुकडी तिने तिथल्या तिथे दमयंतीच्या ताटात टाकली.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सगळं कसं छान चाललं. कपाटात नमुने होतेच. एक बाटली संपली की दुसरी मागच्या दाराने जायची. गुणाबाई तर शिमग्याला वीस वर्षांनी नाचली, असं तिनेच येऊन सांगितलं.

नंतरचे तीन दिवस होड्या बंद होत्या, ती आली नाही. चौथ्या दिवशी तिचा नवरा बुधाजी आला, तोही पुढच्या दाराने. त्या सकाळी पाटी उचलायला ती वाकली तर डावा हात वर येईना, तोंड एका बाजूला गेलं आणि तिथेच अंगणात ती खाली बसली. डॉक्टर निघाले, त्यांची पेटी घेऊन मागे दमयंती. कोळीवाड्यातल्या त्या घरात दमयंतीनेच गुणाबाईच्या दंडाला पट्टा बांधला. पारा दोनशेच्या वर जाऊन थरथरत राहिला.

परतताना तिने डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलं. ते रस्त्यातच थांबले. रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. अशा गोळ्यांनी रक्ताची गुठळी होते असं आता काही जण लिहू लागलेत, ते म्हणाले. नक्की काही कुणालाच ठाऊक नाही. नुसत्या प्रेशरनेही हे झालं असेल. "पण इतकं प्रेशर असलेल्या बाईला मी त्या दिल्या नसत्या. तिला आता काही सांगू नका. सांगून हात परत येणार आहे का?"

दमयंतीने आपली बाटली मोरीत रिकामी केली. पंधरवड्यात जाळ परत आला. बरं झालं, असं तिला वाटलं.

रोज दुपारी ती कोळीवाड्यात जाई. गुणाबाईचा डावा हात मांडीवर घेऊन तेल चोळी, एकेक बोट उघडी, मिटवी. बोलणं सुधारलं, पायात थोडं बळ आलं. हात मात्र जड ओंडका. डोक्यावर पाटी चढवायला दोन हात लागतात. चोळता चोळता दमयंतीचं तोंड रोज उघडायचं आणि रोज मिटायचं. महिना असा गेला. मग एक दिवस तिला ते सोसवेना.

"गुणाबाई, त्या गोळ्यांनीच हे झालं असेल. नसेलही. पण आधी तुझं प्रेशर बघायला हवं होतं मी. यंत्र आत टेबलावर होतं. दहा पावलांवर."

गुणाबाई मांडीवरच्या हाताकडे बघत राहिली. त्यात हिरवा चुडा होता, कोपरापर्यंत. उजवा हात रिकामा. लग्नात कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या पाण्यात सोडतात. तो हात दर्याचा, त्याच्या बदल्यात दर्याने नवरा सांभाळायचा.

"दर्याला दिला त्यो हात ऱ्हायला," ती म्हणाली. "ठेवलेला गेला."

दमयंतीला रडू आलं, पण रडायचा हक्क आपला नाही असं वाटून तिने ते गिळलं.

"आत न्याचं व्हतंस गो मना," गुणाबाई सावकाश म्हणाली. "मी आली असती. पाटी काय, मांजरांनी खाल्ली असती येक दिस."

दमयंतीने तिची बोटं पुन्हा हातात घेतली. ती तेल चोळत राहिली.

मग गुणाबाईने विचारलं, "तूबी त्याच खात व्हतीस ना? हात वर कर बगू. दोनी."

दमयंतीने तेलकट हात वर केले. दोन्ही सारखे वर गेले. गुणाबाईने ते नीट पाहिले, मान हलवली. आणि तेवढ्यात दमयंतीच्या मानेवरून जाळ चढला, कपाळ डबडबलं, घामाची धार कानामागून उतरली. पुसायला हात तेलाचे.

गुणाबाईने उजव्या हाताने शेजारचं सूप ओढलं आणि ती तिला वारा घालू लागली.