खातरजमाबाई

बाई खुर्चीवर बसल्या तशी खुर्ची चरचरली. दुकानातून येताना गुंडाळलेले प्लास्टिक अजून काढलेलेच नव्हते. बाईंनी मान जराशी वळवून मागच्या रांगांकडे पाहिले. सगळ्या खुर्च्या तशाच.

"सर बाहेर गेलेत," टेबलामागची मुलगी म्हणाली. "पण मला सगळी माहिती आहे. विचारा तुम्ही."

फोनवर बोलला होता तो हाच आवाज. स्पष्ट, न घाबरणारा आणि तरी अदबीचा. बाईंना तो फोनवरच आवडला होता. मुलगी विशीची असेल. ओढणीला पिन लावलेली, केस चापून बसवलेले.

"मी रोजगार माहिती केंद्रातून आलेय," बाई म्हणाल्या. "रुग्णसेविकांच्या प्रशिक्षणाची तुमची जाहिरात आमच्या फळ्यावर लावायचीय ना? लावण्याआधी एकदा बघून जावं म्हटलं."

"बघा की," मुलगी खुशीने उठली.

केंद्राच्या फळ्यावर नवशिक्यांसाठी नोकरीची किंवा प्रशिक्षणाची कुठलीही जाहिरात लागायची, तर ती आधी बाईंच्या हाताखालून जायची. खरी की बनावट, हे पाहणे हेच त्यांचे काम. म्हणून केंद्रात सगळे त्यांना खातरजमाबाई म्हणत. मुळात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. एकदा एका जाहिरातीतला पत्ता टाइप करताना त्यांच्या मनात आले, या गल्लीत तर गोदामांशिवाय काही नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या जाऊन बघून आल्या. तिथे खरोखरच गोदामांशिवाय काही नव्हते. साहेबांनी ते काम मग कायमचे त्यांच्याच गळ्यात घातले.

स्वभावाला ते मानवणारेच होते. त्यांचा बसचालक नवरा म्हणायचा, "हिला बंद कपाट दिसलं की हात शिवशिवतात." मुलगा कॉलेजात होता तेव्हा मित्रांना घरी आणायला कचरायचा, कारण पाणी पिऊन होईपर्यंत आईने त्यांच्या आजोळापर्यंत चौकशी केलेली असायची.

कागदांवर बाईंचा फारसा भरवसा नव्हता. कागद कोणीही झकास करून आणतो. त्या जागा बघत. जिथे खरोखर काम चालते तिथे काहीतरी झिजलेले असते. दाराच्या मुठीचा रंग उडालेला असतो, कचऱ्याच्या डब्यात चहाचे कप असतात, खुंटीवर कोणाची तरी विसरलेली छत्री लोंबत असते.

इथे काही झिजलेले नव्हते. भिंतीलगत दवाखान्यातली चाकांची खाट होती, तिच्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर घडीच्या रेघा जशाच्या तशा. फक्त रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा तेवढा हाताळून मऊ झाला होता.

"हे कोण वापरतं?" बाईंनी विचारले.

मुलगी जराशी लाजली. "मीच. सर म्हणाले होते, हात लावू नकोस. पण सरांनी वाटलेली पत्रकं बघून लोक फोनवर विचारतात ना, काय काय शिकवणार म्हणून. मग मी मोबाइलवर बघून शिकले. स्वतःच्याच दंडाला बांधून बघते."

"आणि शिकवायला कोण येतं?"

"मोठ्या रुग्णालयातल्या सिस्टर येणार आहेत. त्यांच्याशीच करार झालाय आपला. शिकून झालं की तिथेच नोकरी."

"तू पाहिलंयस त्या सिस्टरना?"

"अजून नाही."

"वर्ग कधी सुरू होणार?"

"पुढच्या आठवड्यात." मुलगी थांबली. पुढचे वाक्य तिचे तिलाच नवे असावे तशी ती सावकाश म्हणाली, "मागच्या आठवड्यातही पुढच्याच आठवड्यात होते."

 बाईंनी पर्समधून फोन काढला आणि त्या रुग्णालयाला लावला. मुख्य परिचारिका फोनवर आल्या. करार? कसला करार? त्यांनी त्या संस्थेचे नावही ऐकले नव्हते. बाईंनी आभार मानले आणि मुलीला म्हणाल्या, "तुझ्या सरांना फोन लाव."

सर पहिल्याच घंटीला बोलले. कोण आलंय ते सांगून मुलीने फोन बाईंकडे दिला. आवाज मधाळ होता. "अहो मॅडम, तुम्ही कशाला जिने चढलात? जाहिरात लावून टाका, बाकीचे कागद मी पाठवतो."

"लावते की. तेवढा शिकवायला येणाऱ्या सिस्टरांचा नंबर द्या."

पलीकडे थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज आला. "रेंज नाही इथे," सर म्हणाले आणि फोन कट झाला. मुलीने परत लावला. बंद. पुन्हा लावला, तरी बंदच. ती फोनकडे बघत राहिली, जणू चूक त्या फोनचीच होती.

एरवी बाईंचे काम इथे संपायचे. जाहिरातीवर फुली मारायची, साहेबांना कळवायचे, ते पोलिसांना कळवायचे. आजही त्यांनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "शाबास. मी चौकीत सांगतो, तुम्ही निघा आता, उगाच तो माणूस यायचा." बाईंनी पर्स खांद्याला अडकवली.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "मग माझी नोकरी खरी का खोटी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न बाईंना कोणी विचारला नव्हता. फुली मारलेल्या प्रत्येक जाहिरातीमागे कोणीतरी फोन उचलायला बसलेले असणार, हे त्यांच्या डोक्यातही आले नव्हते. साऱ्या जगाची चौकशी करणाऱ्या बाईंनी तेवढी चौकशी कधी केली नव्हती. त्या परत बसल्या. खुर्ची पुन्हा चरचरली.

"तू इथे काय काय करतेस, सांग बरं."

"सकाळी उघडते. झाडते, पुसते. फोन घेते." मुलगी बोटांची नखे बघत बोलत होती. "एक बाई आहेत, घरकाम करतात. मला जमेल का, जमेल का, म्हणून सारखा फोन करायच्या. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, मावशी, मी आहे ना."

"मग तुझं काम खरंच आहे की. जागा खोटी निघाली, त्याला तू काय करणार."

बाईंना वाटले होते, याने तिला बरे वाटेल. पण मुलीचा चेहरा आणखीच उतरला.

"काम खरं आहे हेच तर वाईट आहे," ती म्हणाली. "सरांचं तोंडसुद्धा कोणी पाहिलेलं नाही. लोक माझ्या बोलण्यावर विसंबलेत. उद्या सगळे प्रवेशाची रक्कम भरायला येणार. आणि त्या मावशी आज संध्याकाळी कामाच्या घरी सांगणार आहेत, पुढच्या आठवड्यापासून येत नाही म्हणून."

एवढे म्हणून ती उठली. पाण्याचा पेला भरून घेतला, घोटभर प्यायली आणि टेबलामागे जाऊन ताठ बसली. पहिला फोन तिने त्या मावशींनाच लावला.

"नमस्कार मावशी, प्रशिक्षण केंद्रातून बोलतेय. तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत का? कामाच्या घरी काही सांगू नका. नाही, तुमचं काही चुकलं नाही. हा वर्गच खोटा आहे. हो, मीच सांगितलं होतं तुम्हाला. मलाही आजच कळलं."

पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिले. मुलगी मध्येच "हो" म्हणत होती, मध्येच "बरोबर आहे तुमचं" म्हणत होती. फोन ठेवून तिने लगेच दुसरा लावला. कोणी शिव्या दिल्या. कोणी दुसरीकडे अशी काही जागा आहे का, असे विचारले. तेव्हा तिने बाईंकडे पाहिले, आणि बाईंनी आपल्या रोजगार केंद्राचा पत्ता सांगितला. एकीने, तुम्हीही त्यातल्याच ना, असे स्वच्छ विचारले. "तुम्हाला तसं वाटणारच," ती म्हणाली, आणि आवाज जराही न चढवता पुन्हा पहिल्यापासून सगळे समजावून सांगितले.

बाई कुठेच गेल्या नाहीत. चौकीतले हवालदार येऊन खाट, खुर्च्या बघून गेले, मुलीची चौकशी करून गेले. सर काही आले नाहीत. पुढेही त्यांचा पत्ता लागला नाही. ऊन खिडकीतून भिंतीवर चढले. मुलीचा घसा बसत चालला होता, पण प्रत्येक फोनला सुरुवात त्याच "नमस्कार"ने होत होती.

शेवटी तिने फोन टेबलावर ठेवला.

"झाले सगळे?" बाईंनी विचारले.

"एक राहिलाय. माझी मोठी बहीण." ती खिडकीकडे बघत बोलली. "ताई कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. पाय सुजतात तिचे. पहिलं नाव मी तिचंच घातलं होतं. तिनं पांढरे बूटसुद्धा आणून ठेवलेत."

तिने नंबर लावला. या वेळी ती नमस्कार म्हणाली नाही.

"ताई," ती म्हणाली, आणि हा आवाज बाईंनी दिवसभरात ऐकला नव्हता. तो घरातला होता, धाकटीचा. "ताई, कुठंयस? बसलीयस का? आधी बस."

बाई उठल्या. पर्स खुर्चीवरच राहू दिली, बाहेर जिन्याच्या चौकात आल्या आणि मागे दार ओढून घेतले. आतून बोलणे येत होते, शब्द कळत नव्हते. दार पुरते लागले नव्हते. बाईंनी मूठ धरून ते नीट लावले आणि कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या.